डावी गाठ, उजवी गाठ

घळीतल्या उभ्या कड्यावर, एका कपारीत, गिधाडाचं एकुलतं एक पिल्लू बसलं होतं आणि त्याच्या पायाला निळी नायलॉनची दोरी करकचून आवळली गेली होती. कुणा शहाण्याने रानात फेकलेली ती दोरी आईबापांनी घरट्यात अंथरायला आणली असणार. पिल्लू दिवसागणिक वाढत होतं, दोरी काही वाढत नव्हती. पाय सुजला होता. अजून थोडे दिवस गेले असते तर तो सडला असता, आणि सडक्या पायाचं गिधाड कड्यावरून एकदाच उडतं, खालच्या दिशेने. जनावरांच्या डॉक्टरणीने हे सारं दुर्बिणीतून पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की आपण स्वतः कड्यावरून उतरायचं आणि ती दोरी काढून यायचं. मोहिमेचा हेतू एवढाच!

वनखात्याच्या साहेबांनी परवानगी दिली, माणूस मात्र एकही दिला नाही. "निसर्गाच्या कामात आपण ढवळाढवळ करू नये," असं ते खुर्चीत रेलून म्हणाले. जणू नायलॉन झाडाला लागतं!

दोरखंडाची जाणकार माणसं डॉक्टरणीच्या घरातच होती, आणि हेच तिचं दुर्दैव होतं. नवरा एका व्यायामशाळेतल्या बनावट भिंतीवर लोकांना चढायला शिकवायचा, खाली गुडघाभर गादी अंथरून. थोरली नणंद क्रेनच्या यार्डात मुकादम होती. टनावारी लोखंड दोराला टांगून इकडचं तिकडे करणं हा तिचा रोजचा धंदा. दोघांना गाठी शिकवल्या त्या एकाच बापाने. पण लेक डावखुरी; ती जे डाव्या हाताने बांधी, तेच मुलगा उजव्याने बांधी. गाठ तीच, फक्त उलट बाजूने घातलेली. यावरून या दोन विद्वानांचं लहानपणापासून वाजलेलं! त्याच्या मते तिची गाठ उलटी म्हणून चुकीची, तिच्या मते त्याची. एकाने बांधलेली गाठ दुसऱ्याने गुपचूप सोडून पुन्हा बांधायची, ही त्या घराची रीतच होती. बाप बिचारा यातलं काही न सुधारता गेला. शहाणा असावा.

निघाल्या दिवशी संध्याकाळी डोहाच्या काठी मुक्काम पडला. पाणी काळंभोर आणि शांत होतं, पलीकडे घळीचं तोंड आणि त्यावर तो कडा, उन्हाच्या शेवटच्या उजेडात तांबूस दिसणारा. डॉक्टरणीला तो बघत निवांत बसायचं होतं. पण गुरू दोन आणि शिष्या एक, असा योग जुळून आला होता.

"हे बघ," नवरा दोराचा तुकडा घेऊन सरसावला. "हे बीळ. उंदीर बिळातून वर आला, झाडाला वळसा घातला, परत बिळात गेला. ओढ! झाली बोलाइन. हा फास कितीही वजन पडलं तरी आवळत नाही, म्हणून कमरेला हाच."

"उंदीर!" नणंद फिस्सकन हसली. "अख्खा गर्डर डोक्यावर लटकत असताना मी उंदीर आठवत बसू? इकडे द्या, डॉक्टरीणबाई. अशी घ्यायची, अशी घालायची, ओढायची. तोंड बंद ठेवून."

डॉक्टरणीने एकदा याचं पाहिलं, एकदा तिचं पाहिलं. फरक तिला चटकन कळला: नवऱ्याच्या गाठीत दोराचा शेंडा फासाच्या आत राहायचा, नणंदेच्या गाठीत बाहेर. बाकी सगळं सारखंच. एवढ्याशा शेपटीवरून दोन घोड्यांनी इतकी वर्षं लाथा झाडाव्यात, याची तिला मनापासून कीव आली. मग तिने स्वतः बांधून पाहिली. तिच्या हातात तिसरंच काहीतरी तयार झालं. उंदीर बिळात अर्धा अडकला होता.

"ही गाठ नव्हे," नवरा म्हणाला.

"अजिबात नव्हे," नणंद म्हणाली.

भावाबहिणीचं त्या दिवसात एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर!

शेवटी दोघांनी हार मानून तिला सगळ्यात सोपी गाठ शिकवली: खांबाला दोन वेढे द्यायचे आणि उरलेल्या शेंड्याने त्याच दोरावर एकामागून एक अर्ध्या गाठी मारत जायच्या. ही तिला जमली. दिसायला ओंगळ, पण जमली. जाता जाता नणंदेने आणखी एक गोष्ट सांगितली. "आवळलेली गाठ शेंडा ओढून कधी सुटत नाही. बावळट लोक ओढत बसतात. गाठीची पाठ असते, ती बोटाने मागे ढकलायची, मोडायची. मग ती आपोआप तोंड उघडते."

तोवर नवरा तिच्या पाठीमागे जाऊन तिने बांधलेल्या तंबूच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधत होता. तो झोपल्यावर नणंदेने त्या पुन्हा सोडून बांधल्या. पहाटे तो उठला आणि त्याने पुन्हा हात घातला. अखेर तंबूच कंटाळून खाली बसला, डॉक्टरीण आत असताना.

सकाळी रबरी होडीतून तिघं पलीकडे गेली. नणंदेने होडी खडकाला बांधली. दोरांची ओझी उतरवून झाली. नवऱ्याने खडकावरच्या गाठीकडे एक नजर टाकली. नाक मुरडलं. वाकला. गाठ सोडली. तेवढ्यात वरून नणंद कडाडली, "बाळ्या! हात लावू नकोस माझ्या गाठीला!" बाळ्या उत्तर द्यायला वळला. उत्तर लांबलचक होतं, मुद्देसूद होतं, आणि ते संपेपर्यंत होडी डोहाच्या मध्यावर पोचली होती!

"अरे, होडी!" डॉक्टरीण किंचाळली.

होडी प्रवाहाला लागली. वळणावर एकदा गर्रकन फिरली आणि दिसेनाशी झाली. तिच्यासोबत गेली डॉक्टरणीची बॅग: कात्री, चिमटे, औषधं, मलमं. गेले सगळे चाकू. गेला चहासुद्धा.

"हिने नीट बांधली असती तर मी सोडलीच नसती," नवरा म्हणाला.

"याने सोडली नसती तर ती गेलीच नसती," नणंद म्हणाली.

डॉक्टरणीने दोघांकडे पाहिलं. गेल्या काही वर्षांत तिने चिखलात रुतलेल्या म्हशी पाहिल्या होत्या, स्वतःची शेपटी चावणारी कुत्री पाहिली होती, पण इतकी ठार मठ्ठ जनावरं तिच्या दवाखान्यात कधी आली नव्हती. "घरी जाताना खालच्या पुलावरून वळसा घालून जाऊ," ती म्हणाली. "आता वर चला. आणि तोंडं मिटा."

"पण कात्रीशिवाय तू दोरी कापणार कशी?" नवऱ्याने विचारलं.

"सोडवेन. तुम्हा दोघांना तेवढंच तर येतं, थोडी सवय मलाही लागली असेल!"

कड्याच्या पाठीमागची चढण घसरड्या मुरमाची होती. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं. वर काटेरी झुडपं, त्यांच्यातून रांगत जायचं. कपडे फाटले, कोपरं सोलवटली. मधूनच एक मोठा धोंडा निखळून गडगडत गेला आणि नणंदेच्या डोक्यावरून हातभर अंतराने उडाला. ती जागची हलली नाही, नुसती थुंकली. दुपार कलती झाली तेव्हा तिघं कड्याच्या माथ्यावर पोचली.

माथ्यावर दोन दणकट झाडं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये एक मोठी शिळा. उजव्या झाडाला नवऱ्याने मुख्य दोर बांधला; त्याच्याच दुसऱ्या टोकाला डॉक्टरीण लटकणार होती. डाव्या झाडाला नणंदेने जादा दोर बांधला, वेळ पडली तर हाताशी असावा म्हणून, आणि त्याचं टोक कड्यावरून खाली सोडलं.

"शपथ घ्या," डॉक्टरीण काठावर उभी राहून म्हणाली. "मी खाली असताना कुणीही कुणाच्याही गाठीला हात लावणार नाही."

"मी काय लहान आहे?" नवरा दुखावला.

"माझ्या तोंडून असलं काही वदवून घेऊ नका," नणंद म्हणाली.

शपथ कुणीच घेतली नाही, हे डॉक्टरणीच्या लक्षात आलं तेव्हा तिचे पाय हवेत होते.

नवऱ्याने दोराला झाडाच्या बुंध्याभोवती वेढा देऊन तिला हळूहळू खाली सोडलं. कडा तापलेला होता. खाली घळ इतकी खोल, की तळातली नदी पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती. अखेर पावलं कपारीला टेकली. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावं! पिल्लाने तिच्याकडे मान वळवून पाहिलं. त्या नजरेत एवढी तुच्छता होती, की वनखात्याच्या साहेबांनी तिची शिकवणी लावावी. मग पिल्लाने गळा फुगवला आणि जेवलेलं सगळं तिच्या अंगावर ओकून टाकलं.

"असू दे, बाळा," डॉक्टरीण म्हणाली. तिने डोक्याचा रुमाल सोडून पिल्लाच्या डोळ्यांवरून गुंडाळला. अंधार होताच ते शांत झालं. पंख मांडीखाली हलकेच दाबून तिने पाय हातात घेतला. दोरी कातडीत रुतली होती. गाठीवर गाठी बसल्या होत्या. तिने शेंडा धरून ओढला. गाठ आणखी आवळली! ती थांबली. पाठ शोधली. अंगठ्याच्या नखाने ती मागे ढकलली. पुन्हा ढकलली. गाठीने तोंड उघडलं! एक वेढा सुटला. मग दुसरा.

वर माथ्यावर यावेळी काय चाललं होतं, ते तिला दिसत नव्हतं. नणंदेला उजव्या झाडावरची ती उलटी गाठ बघवत नव्हती. वहिनी कपारीत बसली आहे, दोरावर भार नाही, एका मिनिटाचं तर काम, असं म्हणून तिने भावाची गाठ सोडली आणि दोराचं टोक पायाखाली दाबून धरलं. एवढ्यात तिची नजर शिळेपलीकडे गेली. बाळ्या डाव्या झाडापाशी वाकला होता. तिच्या गाठीपाशी!

"चोरा! ठेव तो हात खाली!" ती ओरडली आणि धावली.

धावायचं तर पाय उचलावा लागतो.

डॉक्टरणीच्या कानाजवळून काहीतरी सप्पकन गेलं. तिला वाटलं, मोठं गिधाड परतलं. पण कमरेला हिसका बसला आणि तिने खाली पाहिलं. सगळा दोर तिच्या कमरेपासून घळीत लोंबत होता! वर काही नव्हतं. नुसतं आभाळ!

"अरे, दोर सुटला!" ती ओरडली. वर अचानक सगळं चिडीचूप झालं. इतक्या वर्षांत त्या दोघांची तोंडं एकाच वेळी प्रथमच बंद झाली असावीत.

दोराचं वजन तिला काठाकडे ओढत होतं. शेजारी खडकातून एक वाकडं मूळ बाहेर आलं होतं, मनगटापेक्षा जाड. तिने दोर वर ओढला, मुळाला दोन वेढे दिले आणि अर्ध्या गाठी मारत सुटली. एक. दोन. भरवसा वाटेना. आणखी मारल्या. दोन शहाण्यांनी पाहिलं असतं तर डोळे मिटून घेतले असते, पण ते दोन शहाणे वर होते आणि त्यांच्या शहाणपणाचं टोक आता खाली लोंबत होतं. मग ती परत पिल्लाकडे वळली. शेवटचा वेढा राहिला होता. तो सोडल्याशिवाय मरायचीही तिची तयारी नव्हती. पाठ ढकलली. सुटली! निळी दोरी तिच्या मुठीत आली. तिने ती खिशात कोंबली, पिल्लाचा रुमाल काढला आणि मागे सरकली.

तेवढं मागे सरकणं कपारीच्या कडेला सोसलं नाही. दगड तुटला. ती कोसळली!

हिसका बसला. मूळ करकरलं. दोर ताठ झाला आणि तिची ती ओंगळ गाठ तशीच राहिली. ती हवेत लटकली होती, पण लटकली होती! दात खाऊन तिने काठ पकडला, गुडघा टेकवला आणि उरलेल्या कपारीवर आडवी झाली. उजवं मनगट लचकून टम्म सुजलं होतं. जादा दोर हाताच्या अंतरावर होता, पण एका हाताने तो कमरेला बांधता येईना.

"मला बांधता येत नाहीये!" ती वर ओरडली. "कुणीतरी खाली या!"

"मी येतो!" नवरा.

"तू बस! तुला मी पाठवणार नाही!" नणंद.

"गप्प बसा दोघं!" डॉक्टरणीचा आवाज सगळ्या घळीत घुमला. "वर ओढून घ्यायला त्याची ताकद लागेल. ताई, तुम्ही उतरा. आणि दोर तो बांधेल. त्याच्या गाठीवर उतरायचं. जमत नसेल तर घरी जा, मी इथेच गिधाडांत संसार मांडते!"

मग नवऱ्याचा आवाज आला. "ताई, तू काठावर जा. जादा दोराचं टोक वर घे आणि कमरेला बांध. झाडाचं मी बघतो." आणि थोड्या वेळाने, "पक्की आहे. उतर."

नणंद उतरली. भावाच्या गाठीला शिव्या घालत उतरली! "घसरतेय! मला कळतंय, घसरतेय! याला गाठ म्हणतात? म्हाताऱ्याची कवळी बरी, ती एवढी हलत नाही! बाबांनी याला शिकवलं त्यापेक्षा बकरीला शिकवलं असतं तर फळाला आलं असतं! बाळ्या, मी मेले तर माझ्या क्रेनला हात लावायचा नाही!" कडाभर तिचा पट्टा चालू होता. पण चेहरा पांढराफटक पडला होता. क्रेनखाली उभं राहणं वेगळं, क्रेनचं लोखंड होणं वेगळं.

कपारीत टेकल्यावर तिने आधी वहिनीचं मनगट पाहिलं, मग मुळावरची गाठ. "हे काय आहे?"

"माझी गाठ."

"हे पक्ष्याचं दुसरं घरटं आहे," नणंद म्हणाली. पण तिने झपाट्याने काम केलं. आपला दोर सोडून वहिनीच्या कमरेला बांधला, वहिनीचा आपल्या कमरेला. म्हणजे आता ती स्वतः त्या घरट्याच्या भरवशावर होती. "ओढ रे!" ती वर ओरडली.

नवऱ्याने ओढलं, डॉक्टरणीने पायांनी रेटलं. माथ्यावर येताच ती उताणी पडली. नवरा तिच्याशेजारी मटकन बसला, तिचा हात हातात घेऊन रडायला लागला. "रडू नंतर," ती म्हणाली. ती उठून डाव्या झाडापाशी गेली, दोर पुन्हा खाली सोडायला. तिथे तिने गाठ पाहिली आणि थबकली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली.

खाली नणंदेने मुळावरची गाठ पाठ मोडून सोडवली, कारण दोर तिथे सोडला असता तर पिल्लाचा दुसरा पाय त्यात गेला असता. मग दोघांनी मिळून तिला वर घेतलं. शिव्या चालूच होत्या, आता चढत्या.

वर आल्यावर तिघं काठाशी पालथी पडली आणि खाली वाकून पाहिलं. पिल्लू उठलं होतं. दोन्ही पायांवर. त्याने एकदा पंख पसरले, वर या तिघांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"उपकाराची जाणीव नाही मेल्याला," नणंद म्हणाली आणि ताडकन उठली. "आता दाखवते, गाठ कुठे घसरत होती ते." तरातरा ती डाव्या झाडापाशी गेली. बोट उगारलं. बोट तसंच राहिलं.

शेंडा फासाच्या बाहेर होता.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

"हो," नवरा म्हणाला. "सोडायला वाकलो होतो. पहिल्यांदाच नीट पाहिली. सोडण्यासारखं काही दिसलं नाही. नंतरही नाही दिसलं."

"मग बोलला का नाहीस, मुडद्या? कडाभर मी माझ्याच गाठीला शिव्या घालत होते!"

"तू मध्ये बोलू देतेस कधी?"

डॉक्टरणीला हसू आवरेना. हसताना मनगट दुखत होतं तरी ती हसत होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती हसायची थांबली. "पण ताई, तुम्हाला तर ती त्याची वाटत होती. त्याची समजून उतरलात तुम्ही."

दोराची धूळ झटकल्यासारखं करत नणंद तोंड फिरवून उभी राहिली.

"खाली तू होतीस ना," ती शेवटी म्हणाली. डॉक्टरीणबाई नाही, तुम्ही नाही. मग तिने नाक पुसलं, झाडापासून दोन पावलं मागे सरकली आणि गाठीकडे हनुवटी उडवून भावाला म्हणाली,

"सोड आता. तूच सोड."